कंदिलातले ऐंशी अँपिअर

ब्लॅकआउट होतो आणि विंगेतून कंदील घेऊन म्हातारी येते. पनवेलच्या आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात अटल करंडकासारख्या एकांकिका स्पर्धा रंगतात. तिथल्या प्रेक्षकाला असं दृश्य काही नवं नाही. खरी ज्योत भरल्या रंगमंचावर कोण पेटवू देईल? म्हणून काचेआड पिवळसर एलईडी आणि तळाशी बोटाएवढा एक सेल. म्हातारीला सोडा, त्या सेलकडे बघा.

नाव १८६५०. म्हणजे व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५, आणि शेवटचं शून्य नळकांड्याच्या आकाराचं. वजन जेमतेम ४५ ग्रॅम. त्यात मावते साधारण ९ वॉट-तास ऊर्जा. हिशेब मांडला तर साठ किलोचा माणूस तेवढ्या ऊर्जेत पन्नास मीटरहून उंच जाईल. पंधरा मजले!

हे साठतं कसं? एका बाजूला ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला धातूचं ऑक्साइड, मध्ये केसाहून पातळ सच्छिद्र पडदा. लिथियमचे आयन हार्बर लाइनच्या प्रवाशांसारखे या टोकाहून त्या टोकाला जातात, चार्जिंग करताना परत येतात, आणि अशा शेकडो फेऱ्या होतात. पण इलेक्ट्रॉनला या गाडीत प्रवेशच नाही! त्याला बाहेरच्या तारेतून वळसा घालावा लागतो. त्या वळशात आपण एलईडी बसवतो आणि म्हातारीच्या हातात उजेड पडतो.

कोबाल्ट ऑक्साइडची ही युक्ती जॉन गुडइनफ यांच्या ऑक्सफर्डमधल्या गटानं १९८० मध्ये दाखवली, सोनीनं असे सेल १९९१ मध्ये बाजारात आणले, आणि २०१९ चं नोबेल व्हिटिंगहॅम व योशिनो यांच्यासोबत गुडइनफना मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते.

आता धडकी भरवणारा भाग. सेलचा अंतर्गत रोध असतो सुमारे ०.०५ ओहम. पूर्ण भरलेल्या सेलचे ४.२ व्होल्ट भागिले ०.०५, म्हणजे कागदावर ८४ अँपिअर! कंदिलातल्या पाच एलईडींना मिळून हवा असतो ०.१ अँपिअर. प्रत्यक्षात शॉर्ट झाल्यावर प्रवाह थोडा कमी भरेल, पण पातळ वायरचं प्लॅस्टिक वितळायला तो भरपूर आहे. सेलला आपला कंदील किती छोटा आहे हे ठाऊक नसतं, मागेल त्याला मागेल तेवढं तो देतो. म्हणून वायरिंगची सगळी कला त्याला अडवण्यात आहे.

पहिली अडवणूक: अर्ध्या अँपिअरचा पॉलिफ्यूज, धन टोकाला शक्य तितका जवळ, कारण फ्यूजच्या अलीकडची तार उघडीच राहते. आणि हा फ्यूज काय चीज आहे! प्लॅस्टिकमध्ये कार्बनचे कण. प्रवाह वाढला की प्लॅस्टिक तापून फुगतं, कण एकमेकांपासून दुरावतात, वाट जवळजवळ बंद होते. थंड झाला की पुन्हा कामावर हजर.

दुसरी प्रत्येक एलईडीपाशी. पांढऱ्या-पिवळसर एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. उरलेले १.२ व्होल्ट भागिले ०.०२ अँपिअर म्हणजे ६० ओहम. दुकानात सहज मिळणारा ६८ चा रेझिस्टर घ्या. पाचांना मिळून एकच लावण्याची काटकसर नको, नाहीतर एखादी एलईडी इतरांच्या वाट्याचा प्रवाह ओढते.

तिसरी चार्जिंगची. टीपी४०५६ चं टिचभर मॉड्यूल आधी ठरावीक प्रवाह देतं, मग ४.२ व्होल्टवर थांबून प्रवाह हळूहळू आटू देतं. ‘आउट’ लिहिलेली वेगळी टोकं असलेलं मॉड्यूल निवडा. त्यात बहुधा सेल फार रिकामा होऊ न देणारी चिपही असते. सेलच्या टोकांवर थेट सोल्डर मात्र मारू नका. उष्णता आतल्या त्या पडद्यापर्यंत पोचते. होल्डर स्वस्त आहे.

कंदील ठीक, पण दिवा नटाच्या अंगरख्याखाली असेल तर? तिथे मी लिथियम-आयन वापरणारच नाही. निकेल-मेटल हायड्राइडचे तीन पेन्सिल सेल, प्रत्येकी १.२ व्होल्ट, मिळून ३.६. थोडे जड, पण घाम, धक्का, ओढाताण सगळं जास्त सोसतात. फ्यूज त्यांनाही हवाच.

खरेदीत सर्वात गमतीदार खोटेपणा सेलच्या वेष्टनावर असतो. ‘९९०० एमएएच’ (मिलिअँपिअर-तास) छापलेले १८६५० सर्रास विकले जातात, पण नामवंत कंपन्यांचे उत्तम सेलही साधारण ३५०० च्या आसपास थांबतात. पकडायचे कसे? काट्यावर ठेवा. चाळीस ग्रॅमच्या बरेच खाली भरला, तर आत पदार्थच कमी आहे. तो सेल दुकानदाराला परत करा.