हॅलोवीन देखाव्यांतील वायुचलित यंत्रणा

हॅलोवीन (३१ ऑक्टोबर) या सणासाठी उभारलेल्या देखाव्यांतील भुते, सांगाडे, शवपेट्यांची झाकणे इत्यादी वस्तू दाबलेल्या हवेच्या बळावर अकस्मात हलविणाऱ्या यंत्रणेस वायुचलित यंत्रणा म्हणतात. अमेरिकेत व्यावसायिक भूतघरांप्रमाणेच हौशी मंडळीही आपल्या अंगणात ती स्वतः जुळवतात. मनोरंजनातील हवेच्या अशा वापराचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे डिस्नेलँडमधील १९६३ सालचे 'एन्चांटेड टिकी रूम'. तेथील यांत्रिक पक्षी हवेच्या दाबावर हालत.

रचना

यंत्रणेचा गाभा म्हणजे सिलिंडर. सायकलच्या पंपात हाताने दट्ट्या रेटून हवा दाबली जाते. येथे याच्या नेमके उलट, दाबलेली हवा दट्ट्याला रेटते. कॉम्प्रेसरच्या टाकीतील हवा दाबनियंत्रकातून विद्युतचलित झडपेपर्यंत येते. पायरीखालची चटई दाबली गेली, की झडप उघडते आणि कचऱ्याच्या डब्यातील भूत क्षणार्धात वर उसळते. लहान विद्युत मोटरीने तेच भूत सावकाश वर आले असते, आणि सावकाश येणाऱ्या भुताला कोण भिणार?

बलाचे गणित

सिलिंडरचे बल म्हणजे हवेचा दाब गुणिले दट्ट्याचे क्षेत्रफळ. २५ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ४.९ चौरस सेंटिमीटर असते. दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम दाब दिल्यास तो सुमारे २५ किलोग्रॅम भार उचलू शकतो. मात्र भूत सहसा तरफेच्या टोकाला बसवतात. दट्ट्या टेकूपासून एकचतुर्थांश अंतरावर जोडला, तर त्याच्या १० सेंटिमीटर धावेत टोक सुमारे ४० सेंटिमीटर सरकते, पण बल चौथ्या हिश्शावर येते. म्हणजे टोकाशी उरते जेमतेम ६ किलोग्रॅम. त्यावर ५ किलोग्रॅमचे भूत उचलले जाईल, उसळणार नाही. व्यास ४० मिलिमीटर केल्यास टोकाशी १५ किलोग्रॅमहून अधिक बल मिळते. नवशिके अशा वेळी दाब वाढवत नेतात. व्यास वाढवणे अधिक शहाणपणाचे.

याची किंमत हवेत मोजावी लागते. या मोठ्या सिलिंडरच्या एका जाण्यायेण्याला वातावरणीय दाबाची सुमारे दीड लिटर हवा लागते. म्हणून दोन खेळांमध्ये टाकी पुन्हा भरण्यापुरता अवकाश ठेवतात.

सुरक्षितता

दाबलेली हवा ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे ऊर्जा साठवते. पाण्यासाठी वापरले जाणारे पीव्हीसी पाइप स्वस्त व हाताशी असल्याने कित्येक जण तेच हवेसाठी जोडतात. ही सवय घातक आहे. पाण्याने भरलेला पाइप फुटला तर बहुधा गळतो; हवेने भरलेला फुटतो तेव्हा त्याचे धारदार तुकडे वेगाने उडतात. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा प्रशासनाने १९८८ साली जमिनीवरील हवावाहिन्यांसाठी असे पाइप वापरण्याविरुद्ध इशारा दिला होता. जाळीच्या दाराला लावण्याचे स्वस्त दट्ट्ये सिलिंडर म्हणून वापरण्याची युक्तीही हौशी लोकांत रूढ आहे. परंतु ते अशा दाबासाठी बनवलेले नसतात.

धावेच्या शेवटी बसणारा हादरा रबरी ठोकळ्यावर झेलतात आणि बाहेर पडणाऱ्या हवेचा वेग लहान झडपेने आवरतात. प्रेक्षक, विशेषतः मुले, भुताच्या पोहोचेबाहेर राहतील असा कठडा आवश्यक असतो. वीज बंद केली म्हणजे यंत्रणा निर्धोक झाली, असे नाही: दुहेरी क्रियेच्या सिलिंडरमध्ये दट्ट्याच्या एका बाजूस दाब तसाच राहतो. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी पुरवठा तोडून नळ्यांतील हवा सोडून देणारी हातझडप मुख्य वाहिनीवर बसवतात. खेळ संपल्यावर टाकीच्या तळाशी साचलेले पाणीही काढून टाकावे लागते, अन्यथा टाकी आतून गंजते.