जॅस्परवेअर : वहीत उतरलेली माती

इंग्लंडमधील कलाकुसरीच्या वस्तूंची चित्रे पाहताना एका प्रकारची भांडी चटकन ओळखू येतात. फिकट निळ्या पृष्ठभागावर पांढऱ्याशुभ्र, उठावाच्या आकृती : कोठे नाचणाऱ्या स्त्रिया, कोठे वेलबुट्टी, कोठे ग्रीक पुराणांतील देवता. या भांड्यांना ‘जॅस्परवेअर’ म्हणतात. पाहणाऱ्यास वाटते, भांडे रंगविलेले असावे. परंतु मूळच्या जॅस्परमध्ये रंग मातीतच मिसळलेला असतो आणि वरून झिलई मुळीच नसते. ही माती कशी सिद्ध झाली, ते थोडक्यात पाहू.

इंग्लंडच्या मध्यभागी स्टॅफर्डशर हा परगणा आहे. कोळसा आणि चिकणमाती दोन्ही तेथे मिळत, म्हणून कुंभारांची गावेच्या गावे तेथे वसली. त्यांपैकी बर्स्लम येथे १७३० साली एका कुंभाराच्या घरी जोसाया वेजवुडचा जन्म झाला. १७३९ मध्ये वडील वारले आणि त्याची शाळा लवकरच सुटली. पुढे थोरल्या भावाच्या हाताखाली तो उमेदवारी करू लागला. लहानपणी आलेल्या देवीमुळे त्याचा गुडघा अधू झाला होता. चाक पायाने फिरविणे त्याला जड जाई. १७६८ मध्ये तर तो पाय कापावाच लागला. चाकापासून दुरावलेला हा कुंभार मातीच्या प्रयोगांत रमला.

१७६९ मध्ये त्याने ‘एट्रुरिया’ नावाचा कारखाना उघडला. त्या काळी इटलीत उत्खननातून प्राचीन भांडी बाहेर येत होती आणि युरोपातील श्रीमंतांना त्यांचे वेड लागले होते. ही भांडी प्राचीन एट्रुरियातील समजली जात, म्हणून हे नाव. त्यांपैकी पुष्कळशी भांडी ग्रीक होती हे पुढे विद्वानांनी दाखविले. नाव मात्र कायम राहिले.

या प्राचीन कलेला शोभेल अशी माती वेजवुडला हवी होती. हजारो प्रयोगांनंतर, १७७५ च्या सुमारास, ती त्याच्या हाती आली. तिचे रहस्य बेरियम सल्फेट या खनिजात होते. ते भरपूर प्रमाणात मिसळल्यावर माती भाजून दगडासारखी घट्ट आणि गुळगुळीत होई. कोबाल्ट घातले की ती निळी होई. अन्य द्रव्यांनी हिरवी, जांभळी, काळी. पांढऱ्या आकृती साच्यात दाबून काढीत, पाण्याचा हात लावून ओल्या भांड्यावर चिकटवीत आणि मग दोन्ही एकत्र भाजीत. येथेच खरी कसोटी असे. माती भट्टीत आकसते. भांडे आणि आकृती सारख्याच प्रमाणात आकसल्या नाहीत, तर तडा जाई किंवा आकृती सुटून येई.

हे प्रमाण कसे साधले? प्रत्येक चाचणीच्या तुकड्यावर वेजवुड क्रमांक घाली आणि त्या क्रमांकासमोर मिश्रणाची कृती वहीत लिहून ठेवी. कोणी चोरू नये म्हणून तो सांकेतिक खुणा वापरी. भट्टीची आच मोजण्यासाठीही त्याने मातीचाच उपयोग केला : मातीचे छोटे तुकडे आचेने किती आकसले, यावरून उष्णता ठरवायची. या शोधानंतर, १७८३ मध्ये, शाळा अर्धवट सोडलेल्या या कुंभाराला रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

जॅस्पर केवळ धनिकांच्या दिवाणखान्यापुरते राहिले नाही. १७८७ मध्ये वेजवुडने गुलामगिरीविरोधी चळवळीसाठी जॅस्परचे छोटे पदक काढले. त्यावर साखळदंडांत जखडलेला, गुडघे टेकलेला कृष्णवर्णीय माणूस असून, ‘मी माणूस नाही काय? बंधू नाही काय?’ असा त्याचा प्रश्न कोरलेला आहे. अशी पदके त्याने पुष्कळ वाटली. स्त्रिया ती केसांत आणि हातांत दागिन्याप्रमाणे घालीत. ब्रिटनने गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केला तो १८०७ मध्ये. वेजवुड त्यापूर्वीच, १७९५ मध्ये, निवर्तला होता.

हा विषय मी निवडला, त्याला घरचे कारण आहे. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चाक चालत आले. महाविद्यालयाची पायरी चढलेली घरातली पहिली मीच. आव्याच्या धुराचा रंग पाहून आजोबा आच सांगत. मातीत राख आणि लीद किती, हे आजी मुठीने ठरवी. “हे का लिहून ठेवत नाही?” असे मी एकदा विचारले, तेव्हा आजोबा हसून म्हणाले, “बाई, लिहिणारा हात आमच्या घरात होता कुठं?” आज दोघेही नाहीत आणि त्यांच्या आव्याचे गणितही त्यांच्याबरोबर गेले.

वेजवुडचे तुकडे आणि वह्या मात्र स्टॅफर्डशरमध्येच बार्लस्टन येथील संग्रहालयात आहेत. २००९ मध्ये कंपनी डबघाईला आली आणि हा संग्रह विकला जाण्याची वेळ आली, तेव्हा लोकवर्गणी आणि देणग्यांतून २०१४ मध्ये तो वाचविण्यात आला. हाताने कमावलेले ज्ञान पुस्तकी ज्ञानाहून कमी प्रतीचे नसते. पण ते टिकायचे तर कोणीतरी त्याची नोंद करावी लागते. ज्यांच्या घरांत असे ज्ञान आहे आणि हातात आता लेखणीही आली आहे, अशा आपणा विद्यार्थ्यांवाचून ते काम कोण करणार?