कुत्र्यांना मारू नका, नसबंदी मागा

जालना एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांची रात्रपाळी सुटली की कित्येक जण हातात दगड घेऊनच वस्तीत शिरतात. भीती खरी आहे. पण विष घालून किंवा पिल्लं पोत्यात भरून दूर सोडून ती संपत नाही. जागा रिकामी झाली की दुसरी कुत्री येतात.

मादी साधारण 63 दिवसांत विते, वर्षातून दोनदासुद्धा. म्हणून उपाय नसबंदीचाच. 'प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023' प्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. ऑपरेशननंतर कुत्रं त्याच जागी सोडतात. कानाची खाच ही त्याची खूण.

आपण गल्लीतल्या माद्या मोजू, घरोघरच्या सह्या घेऊ, महानगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज देऊन पोच घेऊ. पाळलेल्या मादीचं ऑपरेशन मात्र आपणच करून घ्यायचं.

आणि आम्ही नर्स मंडळी पुन्हा पुन्हा सांगतो : कुत्रं चावलं तर हळद, मिरची लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम 15 मिनिटं धुवा, लगेच सरकारी दवाखाना गाठा, सगळे डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर इलाज उरत नाही.