एस्प्रेसोसाठी दळणयंत्राची निवड

एस्प्रेसो हा कॉफीचा इटालियन प्रकार होय. यात वातावरणाच्या सुमारे ९ पट दाबाखालील उष्ण पाणी, ठासून बसविलेल्या कॉफीच्या भुकटीतून २५ ते ३० सेकंदांत पार होते. भुकटी भरड असल्यास पाणी वेगाने निघून जाते व पेय पातळ आणि आंबट उतरते. अतिबारीक असल्यास धार मंदावते व पेय कडू होते. म्हणून दळण एकसारखे पडते काय, आणि त्याची जाडी थोडथोडी बदलता येते काय, हीच यंत्राची खरी कसोटी होय.

फिरत्या पात्यांचे यंत्र बिया केवळ तोडते. त्यातून लहानमोठे कण पडतात. दोन दातेरी चकत्यांचे यंत्र मात्र जात्याप्रमाणे ठरावीक अंतरात बिया दळते.

व्यापारी यंत्रांच्या मोठ्या चकत्या दळण लवकर उरकतात. गर्दीच्या उपाहारगृहास त्या सोयीच्या ठरतात. परंतु अशा बहुतेक यंत्रांत थोडी भुकटी अडकून राहते. दिवसाकाठी दोनच पेले होणाऱ्या घरी ती शिळी होऊन ताज्या दळणात मिसळते. अशा घरी, दर खेपेस सुमारे १८ ग्रॅम बिया तोलून घालाव्यात व जवळजवळ तेवढीच भुकटी बाहेर पडावी, असे यंत्र बरे. तात्पर्य, यंत्राचा आकार पाहण्यापूर्वी रोजचे पेले मोजावेत.