आमच्या वेळी कोणाला काही होत नव्हतं?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात पानठेल्यावर पन्नाशी ओलांडलेली दोन-चार माणसं जमली की गोष्ट लहानपणावर जातेच. दप्तर फेकलं की वर्धा नदीत डुंबायचं, झाडावर चढायचं, टेंभरं खात रानात भटकायचं. घरी कोणी विचारत नसे आणि कोणाला काही होतही नसे. आठवणी खऱ्या आहेत. त्यांतून काढलेले निष्कर्ष मात्र तपासावे लागतात.

गैरसमज : कोणाला काही होत नव्हतं.

वस्तुस्थिती : पानठेल्यावर किस्से सांगायला वाचलेलेच येतात. साप चावला म्हणून मांत्रिकाकडे नेलेलं आणि परत न आलेलं पोर त्या गप्पांत नसतं. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख लोक दगावले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतले चौथ्या हिश्शाहून अधिक पंधरा वर्षांखालचे होते. बुडून मरणाऱ्यांचा आकडा तर राष्ट्रीय गुन्हे नोंदींनुसार आजही वर्षाला तीस हजारांच्या वर जातो.

गैरसमज : मोठ्यांचं लक्षच नसे.

वस्तुस्थिती : लक्ष असे, पण ते एकट्या आईबापांचं नसे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचायला पोरं जात ती आजी-काकूंच्या मागे. गुरं चारताना सोबत एखादा थोराड गुराखी असे. कुठलं पाणी खोल आणि कुठल्या वाटेवर अस्वल फिरतं, हे त्याच्याकडूनच कळायचं. पोहणं शिकवायचीही रीत होती. पोराच्या कमरेला वाळल्या भोपळ्याचा तुंबा बांधायचा, दोर लावायचा आणि विहिरीत सोडायचं. दोराचं दुसरं टोक काठावरच्या काकाच्या मुठीत असे.

भटकायची ही मोकळीक मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारखी नव्हती. मुलींना धाकटं भावंड कडेवर घेऊनच खेळावं लागे.

गैरसमज : जोखमीचा खेळ म्हणजे निव्वळ बेफिकिरी.

वस्तुस्थिती : डाबडुबलीचा खेळ बघा. तंगडीखालून काठी लांब भिरकावायची. ज्याच्यावर डाव, तो ती आणून रिंगणात ठेवेपर्यंत बाकीचे झाडावर. शेवग्याची फांदी कचकन मोडते, चिंचेची वाकते पण धरून ठेवते, हे सात-आठ वर्षांच्या पोरालाही ठाऊक असे. आपल्याला किती उंची झेपते, याचा अंदाज ते दर डावात घेई.

नॉर्वेच्या एलन सँडसेटर यांनी २००७ मध्ये अशा खेळांचे सहा प्रकार सांगितले : उंची, वेग, धारदार हत्यारं, पाणी-विस्तवाजवळचा खेळ, झोंबाझोंबी आणि एकट्याने भटकणं. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये याच खेळांची बाजू घेतली, पण एक भेद करून. मुलाला दिसणारी, तोलता येणारी जोखीम चालेल. त्याच्या ध्यानीमनी नसलेला धोका मोठ्यांनी दूर करायचा. चिंचेची उंच फांदी ही जोखीम. तिच्याजवळून गेलेली विजेची तार हा धोका.

गैरसमज : रान तेच आहे, आताची पोरंच लेचीपेची झाली.

वस्तुस्थिती : मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं. 'मिशन शौर्य' या मोहिमेसाठी त्यांनी आधी वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग आणि लेह इथे कित्येक महिने सराव केला होता. तेव्हा पोरांत दम नाही, असं म्हणायला जागा नाही.

बदललाय तो परिसर. राजुरा-विरूर भागात 'आरटी-१' वाघाने आठ जणांचे बळी घेतले. ऑक्टोबर २०२० मध्ये तो पिंजऱ्यात सापडला. त्या काळात पोराला रानात जाऊ न देणाऱ्या आईला भित्री कोण म्हणेल? सास्ती, गोवरी, पोवनीच्या खुल्या कोळसा खाणी आणि सिमेंट कारखान्यांमुळे रस्त्यांवर जड वाहनांची वर्दळ असते. मुरमासाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी साचलं की ते तळ्यासारखं दिसतं. पण कडा उभ्या, माती निसरडी आणि वर यायला पायरी नाही. नदीचा उतार पायाला कळतो, या खड्ड्याची खोली कळत नाही.

बुडण्याचे मृत्यू टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या उपायांत तीन गोष्टी राजुऱ्यालाही लागू पडतात : पाण्याला कुंपण, शाळेआधीच्या वयाच्या मुलांवर सतत नजर आणि सहा वर्षांपुढच्या मुलांना पोहण्याचं शिक्षण. पहिलं काम ग्रामपंचायतीचं आहे. दुसऱ्याला अंगणवाडीचा हातभार लागतो. तिसऱ्यासाठी मात्र गावातल्या कोणा पोहणाऱ्या काकालाच उन्हाळ्यात वेळ काढावा लागेल.