इंचभर शिपाई, मंगळावरची लढाई

भातुकली आपण सगळ्याच खेळलो आहोत. बोटभर पितळी बंब, रुपयाएवढं पोळपाट, चुरमुऱ्यांचा भात. दिवाळीत अंगणात किल्ला केला की मातीचे मावळे कुठे उभे करायचे यावरून भावंडांशी झालेली भांडणंही आठवत असतील. पुढे शाळा संपते, लग्न होतं आणि हे सगळं माळ्यावर जातं. पण मैत्रिणींनो, विलायतेत आणि अमेरिकेत अशी पुष्कळ मोठी माणसं आहेत, की ज्यांनी आपला किल्ला कधी मोडलाच नाही. जेवणाच्या टेबलावर इंच-सव्वा इंचाचे शिपाई मांडायचे, टेपने अंतर मोजून ते पुढे सरकवायचे आणि फासे टाकून लढाईचा निकाल लावायचा, हा त्यांचा सुटीचा छंद.

त्यातलाच एक प्रकार मला फार गमतीचा वाटला. त्याला ‘व्हिक्टोरियन सायन्स फिक्शन’ म्हणतात. म्हणजे माणसं राणी व्हिक्टोरियाच्या काळातली, पण त्यांच्या हाती त्या काळी नसलेली यंत्रं: वाफेवर चालणारे रणगाडे, पितळी पाणबुड्या, मंगळाच्या आकाशात तरंगणारी जहाजं.

तुम्ही म्हणाल, हा तर मुलांचा खेळ, आणि तोही लढाईचा. आपल्याला काय त्याचं? सांगते. खेळ दोन-तीन तासांत आटोपतो. त्याआधी हे शिपाई आणि ही यंत्रं घडवण्यात, रंगवण्यात महिनेच्या महिने जातात. आणि त्या कामाला जे लागतं ते आपल्याजवळ आधीपासून आहे. बारीक नजर, स्थिर हात, टाकाऊतून काही करायची खोड, आणि अर्धवट काम बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी नेमकं तिथूनच उचलायची सवय!

कालव्यांची गोष्ट

या खेळाचं मूळ एका शब्दाच्या घोटाळ्यात आहे. १८७७ साली स्कियापारेली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला दुर्बिणीतून मंगळावर रेषा दिसल्या. त्याने त्यांना ‘कनाली’ म्हटलं. या शब्दाचा अर्थ नैसर्गिक चर किंवा ओघळ असाही होतो. पण इंग्रजीत त्याचे ‘कॅनॉल’ झाले. आता कालवे म्हटले की ते खोदणारं कुणीतरी हवंच! पर्सिव्हल लोवेल या अमेरिकन गृहस्थाने तर मंगळ न्याहाळण्यासाठी १८९४ साली ॲरिझोनात वेधशाळाच उभारली. १८९८ साली एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. तीत मंगळवासी तीन पायांच्या उंचच उंच यंत्रांत बसून इंग्लंडवर चालून येतात. ते जिथे उतरतात त्या भागातल्या वोकिंग गावात अशा एका यंत्राचा सुमारे सात मीटर उंचीचा धातूचा पुतळा १९९८ पासून उभा आहे.

जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ या यानाने मंगळाची जवळून छायाचित्रं पाठवली. कालवे कुठेच नव्हते. पण खेळणाऱ्यांचं त्यावाचून अडलं नाही. १९८८ साली फ्रँक चॅडविक या अमेरिकन लेखकाने ‘स्पेस : १८८९’ नावाचा खेळ काढला. त्यात मंगळावर कालवे आहेत, तिथलं लाकूड हवेत तरंगतं, एडिसनने अंतराळात जायचं यंत्र शोधलं आहे आणि युरोपातली राष्ट्रं तिथेही जमिनीची वाटणी करायला पोचली आहेत. २०१३ साली इंग्लंडात ‘इन हर मॅजेस्टीज नेम’ हे नियमांचं पुस्तक निघालं. त्यात मोठी फौज लागत नाही. एका बाजूला दहा-बारा शिपाई असले की खेळ सुरू होतो. आपल्यासारख्या बेताच्या खर्चाने चालणाऱ्यांना हे सोयीचं.

शिपायांची आवड लावण्यातही वेल्स यांचा हात आहेच. १८९३ साली विल्यम ब्रिटन यांनी शिशाचे शिपाई आतून पोकळ ओतायची रीत काढली. शिसं कमी लागू लागलं, शिपाई स्वस्त झाले आणि इंग्लंडातल्या घराघरांत शिरले. ते जमिनीवर मांडून कसं खेळायचं, याचे नियम वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात दिले. त्याच्या लांबलचक शीर्षकात त्यांनी मुलांबरोबर ‘जरा जास्त हुशार’ मुलींनाही खेळायला मुभा दिली आहे. उपकारच म्हणायचे! मात्र त्या पुस्तकातला एक विचार मला पटतो. खरं युद्ध किती भयंकर आणि मूर्खपणाचं असतं, हे या छोट्या युद्धावरून समजावं, असं त्यांचं म्हणणं. पुढल्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

गोरा नेमो, सावळा नेमो

माझी नणंद इंग्लंडात असते. तिच्या मुलाने मागच्या सुटीत येताना डबाभर बिनरंगी शिपाई आणले होते. त्यातला एक होता कॅप्टन नेमो. ज्यूल व्हर्न यांच्या १८७० सालच्या कादंबरीतला पाणबुडीचा कप्तान. भाच्याने चेहऱ्यासाठी गुलाबीसर रंग काढला. मी म्हटलं, "अरे, नेमो आपल्याकडचा आहे."

"काहीतरीच काय मामी! सिनेमात तर इंग्रजच असतो."

त्याचं तरी काय चुकलं? १९५४ सालच्या डिस्नेच्या चित्रपटात नेमो झाला होता जेम्स मेसन हा इंग्रज नट. पण व्हर्न यांनी ‘द मिस्टीरियस आयलंड’ या पुढच्या कादंबरीत, १८७५ मध्ये, त्याचं कूळ सांगून टाकलं आहे. नेमो म्हणजे बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कर. टिपू सुलतानाच्या नात्यातला. १८५७ च्या उठावात लढला, घरदार गमावलं आणि समुद्रात उतरला. बुंदेलखंड म्हणजे आपल्या झाशीच्या राणीचा मुलूख! २००३ साली आलेल्या एका इंग्रजी चित्रपटात नसीरुद्दीन शहांनी नेमो केला, तेव्हा कुठे पडद्यावर त्याचा चेहरा मूळ जागी आला.

हे मी मुद्दाम सांगते आहे. कारण या खेळात लाल डगल्यातला गोरा शिपाई नायक आणि मंगळावरचा रहिवासी रानटी, असं मांडणं फार सोपं असतं. वेल्स यांना मंगळाची कादंबरी सुचली ती भावाशी झालेल्या बोलण्यातून. गोऱ्यांनी टास्मानिया बेटावरच्या मूळ रहिवाशांचा जो संहार केला, त्याविषयी ते बोलणं होतं. तसंच कुणी आकाशातून उतरून इंग्लंडचं केलं तर? कादंबरीचा जीव या प्रश्नात आहे. मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. वर्गात तासभर बोलूनही जे मुलांच्या गळी उतरत नाही, ते त्या एका चेहऱ्याच्या रंगाने भाच्याला समजलं. त्याने गुलाबी रंग बंद केला आणि विचारलं, "मग मामी, सावळा रंग करायचा कसा?"

तो असा. तपकिरीत थोडा विटकरी मिसळून पहिला हात द्यावा. वाळल्यावर गडद तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून वरून सोडावा. शेवटी पहिल्याच रंगात किंचित पिवळट पांढरा घालून नाक, गाल, कपाळ आणि बोटांची पेरं उजळावीत. पांढरा जास्त झाला तर चेहरा राखाडी दिसतो.

शिपाई रंगवायची रीत

१. साच्यातून निघालेल्या शिपायाच्या अंगावर जोडाची बारीक रेघ असते. करंजीची कड कातावी तशी ती बारीक कानशीने किंवा पात्याने काढून टाका. मग जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात धुवा, म्हणजे साच्याचा तेलकटपणा जातो आणि रंग धरतो.

२. जाड पुठ्ठ्याच्या चकतीवर तो चिकटवा. चकतीवर फेविकॉल लावून चाळलेली वाळू भुरभुरवा. मंगळ हवा असेल तर तिला विटकरी रंग. रंगवताना चकती दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर तात्पुरती चिकटवली की शिपायाला बोट लागत नाही.

३. आधी राखाडी किंवा काळ्या प्रायमरचा हात. मग ॲक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करून द्या. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात कधीही चांगले. नाहीतर नाकडोळे बुजतात.

४. आपण कपडे घालतो त्या क्रमाने रंगवा. आधी अंग, मग डगला-विजार, शेवटी पट्टे आणि बटणं.

५. गडद रंगाचं पातळ पाणी सोडलं की ते चुण्यांमध्ये उतरतं आणि आपोआप सावली पडते. वाळल्यावर फिकट रंगात ब्रश बुडवून चिंधीवर जवळजवळ कोरडा पुसा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. इथेच शिपाई जिवंत होतो.

६. शेवटी बिनचकाकीच्या व्हार्निशचा हात.

गणवेशातही गंमत आहे. इंग्रज शिपायांच्या पांढऱ्या टोप्या उन्हात लांबून चमकत, म्हणून मोहिमेवर ते त्या चहाच्या पाण्याने रंगवत. तेव्हा टोपी पांढरीशुभ्र ठेवू नका. आणि खाकी हवा असेल तर धुळीचा रंग डोळ्यांपुढे आणा. तो शब्दच मुळी ‘खाक’ म्हणजे धूळ यावरून आला.

तीन पायांचं यंत्र

यंत्रं विकत घेण्यापेक्षा घरी करण्यातच मजा आहे. माप सोपं: शिपाई इंचाहून किंचित उंच, म्हणून एक इंच म्हणजे पाच फूट धरा. वेल्स यांचं यंत्र सुमारे शंभर फुटांचं, म्हणजे टेबलावर वीस इंच होईल! तेवढं उंच हमखास लवंडतं. दहा-बारा इंच पुरे.

दूध पावडरच्या डब्यातले दोन मापाचे चमचे, दांडी कापून, तोंडाला तोंड लावून चिकटवा: डोकं झालं. सायकलच्या चाकाच्या तीन तारा म्हणजे पाय. गुडघ्याच्या जागी एकेक मणी ओवा. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातला एक फुगीर खण कापून लावलात की डोळा. तांब्याची तार पेन्सिलीला गुंडाळून काढली की सोंड. बैठकीला जुनी सीडी. लोखंडी पत्र्यावर खिळे हवेतच, तेव्हा दात कोरायच्या काडीने फेविकॉलचे ओळीने ठिपके द्या. सगळ्याला काळा रंग, त्यावर कोरड्या ब्रशने पितळी किंवा तांबूस झाक, आणि सांध्यांवर स्पंजच्या तुकड्याने तांबडट गंजाचे डाग.

याच रीतीने शाम्पूच्या बाटलीचा वाफेचा रणगाडा होतो. वेल्स यांनी रणगाड्यासारख्या गाड्यांची कथा लिहिली १९०३ साली. खरे रणगाडे रणांगणावर आले ते सप्टेंबर १९१६ मध्ये.

एवढं सांभाळा

• जुन्या शिपायांत शिसं असतं. ते स्वयंपाकघरात घासू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका. चूर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि हात साबणाने धुवा.
• टोक करण्यासाठी ब्रश ओठांत धरू नका. ब्रशच्या पाण्याचा पेला चहाच्या कपाशेजारी ठेवू नका.
• झटपट चिकटणारा सुपरग्लू सुती कापडावर सांडला तर एकदम तापतो आणि भाजतो. सुती साडीवर काम करताना मांडीवर प्लास्टिक घ्या.
• रेझिनच्या वस्तू पाण्याखाली घासा आणि नाकातोंडावर मास्क बांधा. हल्ली काही जण घरच्या यंत्रावर शिपाई छापतात. त्याचं ओलं रेझिन हातमोज्यांशिवाय हाताळू नये.
• फवाऱ्याचा रंग गच्चीवर मारा. पावसाळ्यात दमट हवेने त्यावर पांढुरकी झाक येते, तेव्हा ब्रशच बरा.

यातून मिळतं काय?

हा प्रश्न तुम्हाला नक्की विचारतील. मलाही एका नातेवाईक बाईंनी विचारला, "या वयात बाहुल्या रंगवतेस?" आपल्या छंदांचं एक असतं बघा. विणकाम चालतं, कारण स्वेटर होतो. लोणची-पापड चालतात, कारण घराला लागतात. घराच्या उपयोगी न पडणारा छंद बाईने धरला की तो वेळेचा अपव्यय! घरातल्या पुरुषांच्या पत्त्यांच्या डावाला मात्र हा हिशेब कुणी लावत नाही.

मला विचाराल तर मिळतो तो दुपारचा पाऊण तास. त्या वेळात हाताखालच्या इंचभर माणसाखेरीज कुणाचंच ऐकायचं नसतं. मी महिन्याला दोनच शिपाई रंगवते. डोळे दुखू लागले की थांबते. सुटीत घरातली मुलं ते मांडून खेळतात, आणि मंगळवासी जिंकावेत म्हणून भांडतात. त्यांना कुठल्या बाजूचं दुःख कळावं, त्याची थोडी सोय माझ्या ब्रशाने केली आहे, एवढं समाधान मला पुरतं.

तेव्हा एकच शिपाई घेऊन सुरुवात करा. तो ओबडधोबड झाला तरी रंग खरवडून काढू नका. त्याच्या चकतीखाली तारीख लिहा आणि ठेवून द्या. दहावा शिपाई त्याच्या शेजारी उभा केलात, की आपला हात किती वळला ते तुमचं तुम्हालाच दिसेल.