मागे उभा राहून जिंकणारा ‘कायझर’

दोस्तांनो, मैदानावर टीम पाडली की ‘मी पुढे खेळणार!’ असा एकच गलका होतो, हो ना? मागे बचावाला उभं राहायला मात्र कुणीच तयार नसतं. पण एका जर्मन खेळाडूने मागच्या त्या जागेवरूनच साऱ्या जगाचं लक्ष वेधून घेतलं. तो म्हणजे फ्रान्झ बेकेनबाउर!

फ्रान्झचा जन्म ११ सप्टेंबर १९४५चा, म्युनिक शहरातला. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. वडील टपाल खात्यात नोकरीला. ‘१८६० म्युनिक’ हा फ्रान्झचा आवडता क्लब, आणि मोठेपणी तिथेच खेळायचं असं त्याने ठरवलं होतं. पण १९५८ साली मुलांच्या एका सामन्यात त्याच क्लबच्या एका खेळाडूने त्याच्या थोबाडीत मारली. झालं! फ्रान्झ गेला बायर्न म्युनिककडे. १९६३मध्ये जर्मनीची बुंडेसलिगा सुरू झाली तेव्हा या बायर्नला तिथे जागासुद्धा मिळाली नव्हती! पुढे फ्रान्झच्या नेतृत्वाखाली याच बायर्नने १९७४, १९७५ आणि १९७६ असा सलग तीनदा युरोपियन कप जिंकला.

१९६६च्या विश्वकरंडकाच्या अंतिम सामन्यात वीस वर्षांच्या फ्रान्झला एकच काम होतं : इंग्लंडच्या बॉबी चार्लटनला सोडायचं नाही. त्यात फ्रान्झचा स्वतःचा खेळ राहूनच गेला. पश्चिम जर्मनी ४-२ने हरली.

पुढे फ्रान्झ ‘लिबेरो’ झाला. या इटालियन शब्दाचा अर्थच ‘मोकळा’. लिबेरो सगळ्या बचावपटूंच्या मागे असतो. कुठल्याच एका खेळाडूला त्याला धरून राहायचं नसतं. इतर लिबेरो आलेला चेंडू लांब मारून मोकळे व्हायचे. फ्रान्झ मात्र चेंडू पायाशी घ्यायचा, मान वर करायचा आणि सरळ पुढे निघायचा. समोरच्यांची पंचाईत! याला अडवायचं कुणी? बचावातूनच चढाई सुरू व्हायची. त्याचा तो रुबाब पाहून लोक त्याला ‘कायझर’, म्हणजे सम्राट, म्हणू लागले.

आणि जिद्द किती? १९७०च्या उपांत्य सामन्यात इटलीविरुद्ध त्याचा खांदा निखळला. दोन्ही बदली खेळाडू आधीच उतरले होते. मग काय, हात छातीशी बांधून पठ्ठ्या जादा वेळेतही खेळला! सामना गेला, ४-३. चार वर्षांनी म्युनिकमध्येच अंतिम सामना होता. जर्मन खेळाडूंचा पाय चेंडूला लागण्याआधीच हॉलंडला पेनल्टी मिळाली आणि गोल झाला! तरी घाबरायचं नाव नाही. हॉलंडच्या क्रायफला फोग्ट्सने धरून ठेवलं, कर्णधार फ्रान्झ मोकळा राहिला आणि जर्मनीने २-१ने करंडक जिंकला.

१९८४मध्ये फ्रान्झवर राष्ट्रीय संघाची जबाबदारी आली. प्रशिक्षकाचा परवाना नव्हता, म्हणून त्याला ‘टीमशेफ’, म्हणजे संघप्रमुख, हे पद दिलं. १९८६च्या अंतिम सामन्यात त्याने लोथार मथेउस या आपल्या हुकमी एक्क्यालाच अर्जेंटिनाच्या मॅराडोनामागे लावलं. वीस वर्षांपूर्वी त्याच्या स्वतःच्या बाबतीत घडलं होतं, अगदी तस्संच! जर्मनी ३-२ने हरली.

८ जुलै १९९०, रोम. पुन्हा अंतिम सामना, पुन्हा अर्जेंटिना, पुन्हा मॅराडोना. या वेळी फ्रान्झने ते काम गीडो बुखवाल्डला दिलं आणि मथेउसला मोकळं ठेवलं. ८५व्या मिनिटाला आंद्रेयास ब्रेमेने पेनल्टीवर गोल केला. १-०! सगळे जल्लोष करत असताना फ्रान्झ मात्र हिरवळीवर एकटाच शांतपणे फिरत होता.

खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी विश्वकरंडक जिंकणारे आजवर तिघेच : ब्राझीलचा झागालो, आपला फ्रान्झ आणि २०१८मध्ये फ्रान्सचा देशाँ. झागालो ५ जानेवारी २०२४ला गेला आणि दोनच दिवसांनी फ्रान्झनेही जगाचा निरोप घेतला.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी ‘तू मागे थांब’ असं कुणी म्हणालं तर रुसू नका बरं का! मान वर करून बघा, अख्खं मैदान तिथूनच तर दिसतं.